घरचीच कवळी

कवळी बनवणाऱ्याच्या बायकोला दातांची कसली चिंता, असं गल्लीतले लोक थट्टेनं म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं. प्लास्टरचे जबडे घासता घासता तो बायकोकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगायचा, "हिची तर घरचीच!"

मुलगी पोटात असताना बायकोच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा तिनं भीत भीत विचारलं होतं. त्यानं मानही वर केली नव्हती. "या दिवसांत बायकांना येतंच. रक्त येतं तिथं ब्रश लावू नकोस. आणि दात पडले तर मी बसलोय ना!"

तिनं ऐकलं. न घासलेल्या जागी दगडासारखा थर साचला, हिरड्या सुटल्या, दात हलू लागले. तोंडाला वास येतो म्हणून ती तोंडावर हात धरून बोलू लागली. त्यालाही ते सोयीचंच वाटलं, हे मात्र त्यानं कधी कबूल केलं नाही.

गेल्या महिन्यात उरलेले दातही काढावे लागले. आज सकाळी त्यानं तिच्या जबड्याचं माप घेतलं, साचा ओतला आणि हातात धरून तो बसून राहिला. खालच्या जबड्याचं हाड झिजून सपाट झालं होतं. हिरड्यांच्या रोगानं आतून हाडच खाल्लं होतं. अशा जबड्यावर कवळी धड बसत नाही, हे परक्यांना त्यानं शंभरदा सांगितलं होतं.

"काय झालं हो?" तिनं विचारलं.

तेवढ्यात माहेरी आलेली लेक मोरीतून आली. तिला पाचवा महिना होता. "आई, ब्रश केला की रक्त येतंय. या दिवसांत येतंच ना?"

बायको काही बोलायच्या आत तो उठला. "येतं, पण सोडून द्यायचं नसतं. चल, दातांच्या डॉक्टरकडे. आत्ता. तुझ्या आईला मी चुकीचं सांगितलं. माझ्यामुळे तिचं तोंड गेलं."

बायको त्याच्याकडे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं तोंडावर हात न धरता सांगितलं,

"मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला."

त्यानं मान खाली घातली आणि लेकीच्या चपला पुढे केल्या.