कानात सांगायचं नाव

आमच्या गावात एकाच नावाची दोन मुलं झाली की दोघांचं मिळून एकच मूल उरतं. मी पाच रूपालींची मिळून उरलेली रूपाली आहे. आमच्या वेळी या नावाची लाटच आली होती आणि पेठेतल्या बायकांनी मागचापुढचा विचार न करता पाच पोरींच्या कानात ते सांगून टाकलं.

पाच आया म्हणजे पाचपट माया, असं लोकांना वाटतं. कसलं काय! दिवाळीला मी पाच घरी फराळाला जाते आणि प्रत्येक आई मला समोर बसवून तिची पोर माझ्यात नेमकी कुठे आहे ते शोधत राहते. एक माझा डावा हात धरून बसते. एक मला नुसतं हसायला सांगते. मला आधी संताप येतो आणि मग रडू येतं.

म्हणून धाकट्या भावाला, सुमेधला, मुलगी झाली तेव्हाच मी ठरवलं की ही पोर अख्खी राहिली पाहिजे. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो मी कुणाला देणार नव्हते.

लोक आता शहाणे झालेत म्हणा. आजीच्या पिढीत अख्ख्या पेठेत एकच गंगूबाई होती आणि ती बिचारी सगळ्या घरांचं पाणी भरायची. आमचे हाल बघून पुढच्यांनी संस्कृत शब्दकोश उघडले. ते संपल्यावर अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं नाव जोडून झालं. आमच्या शेजारच्या मुलाचं नाव तर इतकं वेगळं आहे की ते त्याच्या वडिलांनाही घेता येत नाही. ते त्याला शीळ घालून जेवायला बोलावतात. मूल मात्र अख्खं आहे, खातंपितं आहे.

सुमेधच्या बायकोनं, प्राजक्तानं, बरीच शोधाशोध करून त्विरा हे नाव काढलं होतं.

"अर्थ काय गं त्याचा?" मी विचारलं.

"अर्थ असला की लोक उचलतात, ताई."

मला ते पटलं.

बारशाला घेतलेल्या मंगल कार्यालयात समोरासमोर दोन हॉल होते. आमच्या पाळण्यामागे थर्माकोलची सोनेरी अक्षरं लावून त्यांवर शाल टाकलेली होती. बाळाला झबलं घालताना मी पाहिलं तर तिचं डावं पाऊल नव्हतं. पाय घोट्यापाशी गुळगुळीत संपला होता. मी उठून समोरच्या हॉलमध्ये गेले. तिथल्या पाळण्यात एक गुटगुटीत बाळ तीन पायांनी लाथा झाडत होतं. त्यांच्या अक्षरांवरची ओढणी सरकली होती. तिथंही त्विराच लिहिलेलं होतं.

डेकोरेटर शिडीवर उभा होता. "दोन ऑर्डरी आल्या," तो म्हणाला. "मला वाटलं, एकाच घरच्या."

मी परत आले. "घरात हिला नावानं हाक मारलीत?"

"लाडानं, अधूनमधून," प्राजक्ता म्हणाली.

"नाव बदलायचं."

"आता? पेढ्यांच्या खोक्यांवर छापलंय, ताई."

"एका पावलानं काय होतंय?" सुमेध म्हणाला. "पाहुणे आलेत, आता घोळ घालू नकोस."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "मी पाचातली आहे."

शेजारच्या घाटगे काकूंनी बायकांना गोळा केलं. बाळ पाळण्याखालून एकीच्या हातात आणि वरून दुसरीच्या हातात असं फिरायला लागलं. प्रत्येक फेरीला ते थोडं आखूड होऊन येत होतं. शेवटी त्यांनी ते पाळण्यात ठेवलं आणि माझ्याभोवती कडं केलं. मला मागे सरायला जागा उरली नाही.

"चला आत्याबाई, वाका," काकू म्हणाल्या.

मी वाकले आणि मनातल्या मनात दुसरं नाव शोधायला लागले. मुक्ता, मी मनात म्हटलं. "ओ," खुर्चीतली एक म्हातारी म्हणाली. वेदवती. "ओ," जिन्यातून आवाज आला. मग मी सुचतील तशी अक्षरं जोडली. झ्युला. खाली रस्त्यावरच्या रिक्षातून एक लहान मूल "ओ" म्हणालं. समोरच्या हॉलमध्ये त्यांच्या आत्यानं कुर्रर्र सुरू केलं. आमच्या बाळाचा पाय आता गुडघ्यापर्यंतच होता.

मीही तिच्या कानाला तोंड लावलं आणि कुर्रर्र सुरू केलं. ते मी थांबवलंच नाही. कुर्रर्र चालू असेपर्यंत नाव घ्यावं लागत नाही. मी नाकानं श्वास घेत राहिले. काकू म्हणाल्या, "पुरे आता." मी मान हलवली. लोकांनी जेवायला पानं मांडली तरी मी हटले नाही. माझ्या अंगातल्या पाचही जणी या वेळी एकाच बाजूला होत्या, हे मला स्पष्ट कळत होतं.

तेवढ्यात बाळानं माझा कान धरला. तो आपल्या तोंडाशी ओढला, कुर्रर्र केलं आणि एक नाव सांगितलं.

मी ते कधी ऐकलं नव्हतं. कुणी ओ देतंय का याची मी वाट पाहिली. म्हातारी गप्प होती. जिना गप्प होता. रस्त्यावरूनही काही आलं नाही. मला फार आनंद झाला. पाय परत आला का ते बघायला मला खाली मान घालता येत नव्हती, कारण तिनं कान सोडला नव्हता.

"काय ठेवलं?" काकूंनी विचारलं. "मोठ्यानं सांगा."

मोठ्यानं सांगितलं की ते कुणीही उचललं असतं. मी तोंड मिटून घेतलं.

समोरच्या हॉलमधलं कुर्रर्र थांबलं होतं. नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. मी सांगितलं नाही तरी त्यांनी घातले. पहिल्या धपाट्याला नाव घशात आलं. दुसऱ्याला ते दातांना येऊन टेकलं. मी दात आवळले. "बोल ना ताई," प्राजक्ता रडत म्हणाली. मी डोळ्यांनीच तिला नाही म्हटलं. बायकांमधून वाट काढत समोरची आत्या आपल्या हॉलमधलं बाळ कडेवर घेऊन आली. ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली, तिनं ते बाळ उचलून त्याचा कान माझ्या ओठांना लावला, आणि माझ्यामागे सगळ्यांनी पुन्हा हात उगारले.