चिंचेवरचा गोवर

आळीतल्या पोरांना गोवर आधी आला आणि माकडांना नंतर, एवढी साधी गोष्ट चामराजपेटेतल्या शहाण्या माणसांना समजावताना माझ्या नाकी नऊ आले. मी गुरांचा सरकारी डॉक्टर, मुंबईत शिकून बंगळूरला आलेला. माझं कोण ऐकतो?

चिंचेवरच्या माकडांची तोंडं पुरळानं भरली, डोळे गळू लागले. प्राणेश मास्तरांनी लगेच निदान केलं, "रोग यांनीच आणला." पिंजरेवाल्यांना बोलवायचं ठरत होतं. पिंजरेवाले आजारी माकडं रानात सोडत नाहीत, मारतात. जगली असती हो ती, पंधरवड्यात बरी झाली असती.

"माणसाचा गोवर माकडाला होतो," मी दारोदार सांगत फिरलो.

मास्तर हसले. "मग माझा संधिवातही देऊन टाका की त्यांना."

संतापून घरी आलो, तर शेजारच्या बेळगावकडच्या गंगव्वा माझ्या बायकोशी बोलत बसलेल्या. मी सगळी मळमळ ओकली. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं हाय की अण्णा. आम्हीच दिलाय त्यास्नी."

त्यांचा तोडगा असा: आजारी पोराच्या उष्ट्या पानातला दहीभात त्याच्याच हातानं माकडाला भरवायचा, म्हणजे रोग पोराला सोडून माकडात जातो. हे त्यांनी घरोघरी करून घेतलं होतं. पोरं खिडकीशी खोकत खोकत भरवत होती. मला राग यायला हवा होता, पण अख्ख्या आळीत माझं म्हणणं पटलेलं एक माणूस सापडलं याचाच आनंद झाला.

"हे चारचौघांत सांगाल?"

"सांगीन की. त्यात काय लाजायचं?"

संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर सगळे जमले. गंगव्वा म्हणाल्या, "डागदरअण्णा सांगतात त्ये खरं हाय. पोरांचा रोग माकडांत गेलाय." माना डोलल्या, मास्तरांचीसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला.

"आता ती झाडावर ऱ्हायली तर रोग परत पोरांत यायचा," त्या पुढं म्हणाल्या. "स्वल्प घाई करा. पिंजरेवाल्यास्नी न्हेऊ द्या माकडं."

"अहो, एकदा गोवर झालेल्या पोराला तो पुन्हा होत नाही," मी ओरडलो. पण लोक उठून चालू लागले होते.

सकाळी पिंजरे आले. मी पिंजरेवाल्याचा हात धरला, हुज्जत घातली, शिव्याही दिल्या. तो बिचारा गोंधळला.

"पण सार," तो म्हणाला, "तुम्हीच न्यायला सांगितलंत म्हणे."