चहाच्या आधीचा तास

दोंडाईच्यातल्या आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या एक तारखेला मी फळ्यावर एक यादी लावते. वर लिहिलेलं असतं, 'ऐका, वाचा, पाहा'. खाली प्रत्येकी तीन नावं. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वाचनालयाच्या सचिवांना वाटलं की हे काम मला जमेल, आणि मलाही तसंच वाटत होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक बाई फळ्यापाशी माझी वाट पाहत उभ्या होत्या. पन्नाशीच्या, नाकापर्यंत पदर, बोटांची टोकं लालसर. मिरचीच्या शेडमध्ये देठ खुडायला जातात हे सांगावं लागलं नाही.

"मॅडम, यादी तुम्हीच लिखतस ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी नाव सांगितलं, बेबाबाई. मग यादीतल्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. झोप आणि मेंदू यावरचं एका व्याख्यात्याचं बावन्न मिनिटांचं भाषण.

"हाई आम्ही शेडमधी लावं. पहिले बरं होतं. मग तो माणूस सांगे, पहाटे पाचले उठा, जिंदगी बदली जाई. आम्ही चारले उठतस. मग सांगे, घरकामले बाई ठेवा, तुमना वेळ वाची." त्यांनी फळ्यावरचं बोट काढलं. "बठ्ठ्या बाया माले पाचवाजेवाली म्हंतस आते."

"मग बंद का नाही केलंत?"

"मिरचीना हात शेतस. फोनले कोण हात लाई? लावं ते चहालोंग चालस."

एकदा लावलं की चहापर्यंत चालूच राहणार, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. माझ्या यादीतलं काही कुणाला नकोसं झालं तर तो पुढे ढकलेल, बंद करेल, असं मी गृहीत धरलं होतं. इथे सोळा बायकांनी चाळीस मिनिटं काहीच करता येत नाही म्हणून ऐकलं होतं.

"तुम्ही पूर्ण ऐकेल व्हतं का?" बेबाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मी पहिली बारा मिनिटं ऐकली होती. ती चांगली होती, प्रयोगांची नीट माहिती होती. उरलेलं तसंच असेल असं धरून मी यादीत टाकलं. विद्यार्थ्यानं प्रयोगाची दोनच वाचनं घेऊन उरलेला आलेख हातानं ओढला असता, तर मी त्याचं जर्नल परत केलं असतं. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली. मग अडचण सांगितली. शेडमध्ये दिवसभर ज्योती नावाच्या एकीच्या फोनवर गाणी असतात. शनिवारी चहाच्या आधीचा एक तास बेबाबाईंनी भांडून मागून घेतला होता. आता बायकांनी आणखी एकच शनिवार दिला होता. तोही वाया गेला, तर तो तास गाण्यांना परत.

"गाणी वाईट नाहीत," मी म्हटलं.

"नाहीत. पण ती पाठ शेतस. हात चालतस, डोकं मोकळं र्‍हास. मोकळं डोकं मंग मांगलंच दळत बसस." मागचं काय दळतं ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी मेथी निवडायला घेऊन बसले आणि फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. हात थांबवायचे नाहीत, उठायचं नाही. अकरा ध्वनिमुद्रणं लावली. नऊ वेळा बंद करायला उठले. उरलेल्या दोनांतलं एक निवडलं, आणि शनिवारी स्वतः शेडमध्ये गेले.

बेबाबाईंनी माझ्या हातांना तेल चोळलं, नाकाला फडकं बांधलं आणि बसायला गोणपाट दिलं. ज्योती, पंचविशीची, समोरच बसली होती. "मॅडम आज पहारा द्यायला आल्या का? आम्ही पळून नाही जात," ती म्हणाली. सगळ्या हसल्या.

ज्योतीचा फोन खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत टांगला होता. एका निवृत्त बाईंची मुलाखत सुरू झाली. एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला त्या एका तालुक्याच्या गावी पर्जन्यमापकातलं पाणी मोजत होत्या.

"पाऊस नसेल तरी?" हसीनाबी म्हणाल्या. या सर्वांत वयस्कर.

फोनमधल्या बाई म्हणाल्या, पाऊस नसेल तरी. शून्यही लिहावं लागतं.

"सोपी नोकरी शे," ज्योती म्हणाली.

मग सात-आठ मिनिटं कार्यालयातल्या पत्रव्यवहाराची आली. घरी मला ती चालली होती. इथे कुजबुज सुरू झाली, कुणीतरी लग्नाचा विषय काढला, ज्योती भरलेली पाटी उचलून तोलायला गेली. एवढा भाग पुढे ढकलावा असं मला फार वाटलं. माझी बोटं लाल होती आणि चुरचुरत होती. बेबाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. देठ खुडायचा त्यांचा वेग तेवढा वाढला होता.

मग त्या बाईंनी सांगितलं की एका पावसाळ्यात मुलाला दवाखान्यात नेताना त्यांचा एक दिवस चुकला. परत आल्या तेव्हा दोन दिवसांचं पाणी एकत्र साठलं होतं. त्यांनी त्या दिवसाचा रकाना कोरा ठेवला आणि कारण लिहिलं.

"येडी शे," एक बाई म्हणाली. "अर्धं अर्धं करून टाकायचं. कोण पाहणार?"

"आणि पाऊस सगळा एकाच दिवशी पडेल असेल तर?" हसीनाबी म्हणाल्या.

"तिचा साहेब ओरडला असेल."

"ओरडू दे. पोरगा तर वाचला."

"वाचला का? तिनं सांगितलं का?"

तिनं सांगितलं नव्हतं. त्यावरून दोन्ही बाजू बोलू लागल्या, मुलाखत संपली तरी थांबल्या नाहीत. बेबाबाईंचे हात मात्र हळू झाले होते.

चहाला सगळ्या उठल्या. ज्योतीनं साबणानं दोनदा हात धुतले, पदराला पुसले, आणि खांबापाशी जाऊन पिशवीतून फोन काढला. बेबाबाईंचा कप तोंडाशी थांबला.

"मॅडम," ज्योती म्हणाली, "मी तोलायला गेलते. तो कोरा रकाना कुठून सुरू होतो?"

"एकतिसाव्या मिनिटाला."

"ते ऐकते. गाणी मग लावू."

तिनं तिथंच, खांबाला टेकून, फोन कानाशी धरला. बेबाबाईंनी बशीत चहा ओतला आणि तिच्या बाजूला सरकवला.

"पी आते," त्या म्हणाल्या. "थंड व्हई राह्यना."