सरूच्या डोक्यावरचा तांब्या

मी एक जुना सरू आहे. वयानं म्हणाल तर फार नाही. पण जे मी सोसलंय ते वडापिंपळांनीही सोसलं नसेल, म्हणून स्वतःला जुना म्हणवून घेतो.

निजामाच्या राज्यात, औरंगाबादेच्या एका हवेलीच्या बागेत माझा जन्म झाला. तलवाड्याचे आप्पाराव कचेरीच्या कामाला आले, मला पाहून भुलले आणि बैलगाडीतून गावी घेऊन आले. असा सरळसोट, सडपातळ, बारमाही हिरवा पाहुणा गावानं पाहिलाच नव्हता. "फळ कंदी येतंय?" "सावली कुटं हाय?" असं विचारून लोक आपापल्या घरी गेले.

जीव लावला तो आप्पारावांच्या सारजाबाईंनी. मित्रांनो, आमची जात कोरडवाहू. मुळं एकदा रुजली, की चार घोटांवर आम्ही उन्हाळा काढतो. पण सारजाबाईंना वाटे, लेकरू बारीक आहे म्हणजे उपाशीच असणार. माहेरच्या तांब्यानं त्या उठता-बसता मला पाणी पाजत. पायाशी चिखल झाला, मुळं गुदमरली, अंग पिवळं पडलं. पिवळा पडलो म्हणून त्या आणखी पाणी घालू लागल्या!

पाडवा आला. गुढीची काठी वाळवीनं खाल्लेली. आप्पाराव म्हणाले, "ह्यो सरू काटीपरास सरळ हाय." झालं! मला लुगडं नेसवलं, कडुलिंब बांधला, साखरेची गाठी घातली आणि तो माहेरचा तांब्या शेंड्यावर पालथा ठेवला. संध्याकाळी गुढी उतरवायला गेले, तर तांब्या फांद्यांत घट्ट रुतलेला.

"शेंडाच छाटतो," म्हणत आप्पारावांनी कोयता उचलला. माझी पाचावर धारण बसली.

सारजाबाई आडव्या आल्या. "सनाच्या दिशी हिरव्या झाडावर कोयता? काई वाटतंय का न्हाई तुमाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन् तू रं! माजा तांब्या दे, मंगच पानी देते."

त्या रुसव्यानं माझा जीव वाचवला. चिखल वाळला, मुळांनी श्वास घेतला. वैशाखात सारं रान करपलं तेव्हा मी हिरवागार उभा होतो. गाव म्हणालं, "तांब्याचा गुन हाय!" शेजारच्या भामाबाईंनी लगेच आपल्या लिंबोणीच्या डोक्यावर तांब्या घातला आणि पाणी तोडलं. बिचारीनं मान टाकली.

काल वावटळीत माझा तांब्या खाली पडला. सारजाबाईंनी तो उराशी धरला, चिंचेनं लख्ख घासला. आत्ता त्या इकडेच येताहेत. "लई दिस उपाशी ठिवलं रं लेकरा!" त्यांचे डोळे भरलेत. खरं सांगतो, मलाही गहिवरून आलंय.

मित्रांनो, झाडांना जरूर जीव लावा. पण पाणी घालण्याआधी बोटानं माती चाचपून पाहा. अति तेथे माती म्हणतात, माझ्याकडे तर चिखल होतो. आणि तुमच्यापैकी कुणी तलवाड्याच्या आसपास असेल, तर धावत या. सारजाबाईंच्या हातात तांब्या आहेच, पण आज कमरेवर घागरही आहे.