एक दिवस फुकट

बापूची प्रकाशनसंस्था म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे. मावशीच्या आठवणींचे गठ्ठे तेवढे दारापाशी असत, कारण तेच हळूहळू का होईना, हलत होते. मावशीने जन्मभर सुईणपण केलं होतं आणि सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. ही आवृत्ती संपली की दुसरा भाग छापतो, असा शब्द बापूने तिला दिला होता. डोळे पार अधू होण्याआधी संपवावं म्हणून ती भिंग धरून लिहीत होती.

तिच्या वाढदिवसाला बापूला उदारपणाचा झटका आला. त्याने आपल्या संकेतस्थळावर तिचं ई-पुस्तक एक दिवस फुकट ठेवलं आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ऑनलाइन दुकानाच्या करारात कलम होतं: दुसरीकडे पुस्तक स्वस्त दिसलं, की आम्हीही तीच किंमत लावू. त्यांच्या यंत्राने शून्य पाहिलं, शून्य लावलं. दुसऱ्या दिवशी बापूने आपली किंमत पूर्ववत केली, पण दुकानाचं शून्य काही हटेना.

तक्रार केली की तत्काळ गोड उत्तर येई, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. समजून काय लोणचं घालायचंय? इतर प्रकाशक म्हणाले, या किमतीच्या भांडणात भल्याभल्यांनी हात टेकले, तुझं कोण ऐकतो. चिडून त्याने पुस्तकच काढून घ्यायचं ठरवलं, तर करार संपेपर्यंत तेही जमणार नव्हतं. इकडे दुकानदारांनी कागदी प्रती परत पाठवल्या. फुकट मिळतंय ते विकत कोण घेणार? बापूला फार एकटं वाटलं.

तेवढ्यात मावशी आली. शेजारणीने तिला फोनवरचा आकडा वाचून दाखवला होता.

"हजारोंनी नेलं म्हणे रे माझं पुस्तक," ती म्हणाली. तिने पिशवीतून कागदांची चळत काढून टेबलावर ठेवली. "हा दुसरा भाग. आवृत्ती संपली की छापतो म्हणाला होतास ना?"

तिचा उजळलेला चेहरा पाहून बापूला खरं सांगवेना.

निघताना ती दारापाशी थबकली. परत आलेल्या गठ्ठ्यांची रास तिने हाताने चाचपली आणि तिला रेलून चपला घातल्या.

"इथे भिंत घातलीस होय? बरं केलंस. आधार झाला."

बापूने मान हलवली. मग तिला ते दिसलं नसेल हे लक्षात येऊन तो म्हणाला, "हो, मावशी."