शंभर टक्के मराठी

"मराठी शंभर टक्के पूर्ण! भारतीय भाषांत आपण पहिले!"

सोमेश्वरची ही घोषणा शिवांजलीनं वाचली तेव्हा ती केजच्या मोहनरावांच्या नेट कॅफेत बसली होती. मांडीवर तिची लेक कावेरी, आणि कावेरीच्या तोंडात आईच्याच पदराचं टोक. घोषणा वाचून आधी बरं वाटलं, मग आठवलं. मराठीची शेवटची वाक्यं तिच्या वाट्याला होती. कावेरीला गोवर निघाला तेव्हापासून तिनं त्यांना हात लावला नव्हता. मग पूर्ण केली कुणी?

काम फुकटचं होतं, पण हलकं नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून एकदाच उगवतो अशा दवाखान्यांसाठी देशोदेशींच्या हौशी लोकांनी मिळून एक प्रोग्रॅम लिहिला होता. लेकराचं वजन टाका, औषधाचं नाव टाका, किती द्यायचं ते पडद्यावर येतं. मूळ सगळं इंग्रजीत. ज्यानं त्यानं ते आपापल्या भाषेत आणायचं आणि दर नव्या आवृत्तीला काय बदललं ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगायचं. मराठीचं पुढारपण पुण्यातली नोकरी सांभाळून सोमेश्वर करायचा, मूळचा बीडचाच. शिवांजली बी.एस्सी. होऊन केजच्या कापडदुकानदाराच्या घरात पडलेली. या कामानं तिला धुगधुगी दिली होती.

इंग्रजी वाक्य बदललं की भाषांतराचं अवजार जुनंच मराठी वाक्य अंदाजानं तिथं चिकटवायचं आणि बाजूला संशयाची खूण करायचं. माणसानं ते वाचावं, सुधारावं, मग खूण काढावी, अशी रीत. खूण असेतो पडद्यावर इंग्रजीच दिसे, आणि ते वाक्य टक्क्यांत धरलं जात नसे.

तिनं फाइल उघडली. खूण एकही नव्हती. ती एकेक ओळ बोटानं पडद्यावर खाली नेत राहिली. एका ओळीपाशी बोट थांबलं.

इंग्रजीत लिहिलं होतं, 'दिवसभराचं औषध'. खाली मराठी तेच जुनं, तिनंच दोन वर्षांपूर्वी केलेलं: 'एका वेळेला द्यायचं औषध'.

बदलांची इंग्रजी सूचना तिनं घाईघाईनं काढली. मधेच कुठंतरी, रंग आणि बटणांच्या दुरुस्त्यांच्या गर्दीत, एक ओळ होती. आकडा यापुढे एका वेळेचा नाही, पूर्ण दिवसाचा येईल.

कॅफेतच एसटीडीचा फोन होता. तिनं पुणं लावलं.

"सोमेश्वर, खुणा तू काढल्यास?"

"एकदमच काढल्या ताई. बहुतेक बरोबरच असतात की. कन्नडवाले शंभराच्या अगदी काठावर आले होते."

"वाचल्यास?"

"सगळ्या कुठून वाचणार? आणि वाचायच्या तुमच्याकडे होत्या. मराठी सूचनाही तुमच्याचकडे होती. तुम्ही गप्प."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

"औषध तिप्पट जातंय रे," ती म्हणाली. "दिवसाचा आकडा लोक तीन वेळा देतील. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग."

"आत्ता बोंब मारली तर प्रोग्रॅमच काढून टाकतील लोक. पुढच्या आवृत्तीत गुपचूप सुधारू. नाहीतरी इतक्यात बसवला असेल कुणी?"

तिनं फोन ठेवला. गल्ल्यामागून मोहनराव म्हणाले, "ताई, त्या प्रोग्रॅमचीच गोष्ट का? सीडी तर मी मागंच धाडली धर्मापुरीच्या दवाखान्याला. पुण्याहून फोन आलता. तुमी लेकराच्या दुखण्यात, म्हनलं तुमचं काम कावून आडावं? रामकिसन कंडक्टरच्या हातानं पोच केली."

असं म्हणून ते हसले. शाबासकीची वाट बघत असावेत.

धर्मापुरीच्या दवाखान्याचा फोन लागेना. नुसतीच कुईकुई. शिवांजलीनं कावेरीला कडेवर घेतलं आणि दुकानात जाऊन नवऱ्याला सांगितलं. बसवेश गिऱ्हाइकासमोर साडी उलगडत होता. "गोवरातून उठलेलं लेकरू घिऊन? फुकटच्या कामापायी?" तो म्हणाला. ती पायरी उतरलीसुद्धा होती.

केजहून अंबाजोगाई, तिथून जीपनं घाटनांदूर, मग धर्मापुरीची दुसरी जीप. सगळ्या वाटेनं ती कावेरीच्या छातीवर तळवा ठेवून होती. गर्दीत लेकरू गुदमरेल, उन्हानं ताप उलटेल, अशी भीती तिला एरवीही असायची. आज त्या भीतीला दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराचं तोंड होतं, आणि ते तिला दिसत नव्हतं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. नर्स गंगासागरबाईंनी कॉम्प्युटरला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. शिवांजलीनं घोटाळा सांगितला तसा त्यांनी खणातून औषधांचा जुना तक्ता काढला.

"पहिल्यापेक्षा जास्त येतंय, असं मला वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "आधी मी जुन्या तक्त्यावर ताडून बघायची. पण पडद्यावर चांगलं मराठीत लिहिलेलं! आपल्या मानसानं लिहिलंय म्हनल्यावर ताडायचं काय?"

"कुणाकुणाला दिलंत?"

"गावातल्या दोन लेकरांना. ती बरी हायेत, सकाळीच पाह्यलीत. तिसरं..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हाळू मेंढक्याचं. झटके येतेत त्याला. झटक्यांचं औषध झोप आणणारंच असतंय हो. बाटली भरून दिली, दिवसातून तीनदा म्हनून."

"कुठं राहतात?"

"मेंढरं बसतील तिथं. कुनाच्या रानात खताला बसवली असतील."

मेंढपाळाला पत्ता नसतो. गंगासागरबाईंनी जीप केली आणि दोघी दिसेल त्याला विचारत निघाल्या. एकानं घाटनांदूरकडं हात केला, दुसऱ्यानं उलट्या दिशेला. आसाराम नावाच्या एका शेतकऱ्यानं सांगितलं, माझ्याच रानात बसलीती, काल उठली, ओढ्याच्या अंगानं गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा लेंड्यांचा ताजा माग लागला, आणि मग बाभळीखाली टेकलेलं बिऱ्हाड.

म्हाळूची बायको दगडाबाई चूल पेटवत होती. नर्सला बघून तिचं तोंड फुललं.

"या बाई! लई गुनाचं औषध तुमचं. झटका न्हाई, रडनं न्हाई. आदी निसतं किरकिर करायचं, आता कसं निजतंय."

"कधीपासून निजलंय?"

"काल दिस मावळल्यापून. मदी उठवून पाजलं औषध, तेवढंच." तिनं अभिमानानं सांगितलं. "एकबी येळ चुकवली न्हाई मी."

म्हाळू पुढं झाला. "उठवू नगा वो. लई दिसानं शांत निजलंय सिदू."

गंगासागरबाईंनी झोळीतून पोर उचललं. मान मागं पडली. त्यांनी तळपायावर चापटी मारली, मग जोरात मारली. पापण्या जराशा हलल्या आणि मिटल्या. श्वास येत होता, पण एक आल्यावर दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. शिवांजलीच्या कडेवर कावेरी मोठ्यानं रडायला लागली, आणि त्या रडण्याची तिला शरम वाटली.

जीप अंबाजोगाईकडं पळाली. गंगासागरबाई वाटभर सिदूच्या तोंडात फुंकर घालत होत्या. डोंगराचं वळण संपून गावाचे दिवे दिसले, तेव्हा त्यांनी फुंकर घालणं थांबवलं. ड्रायव्हरनं न सांगताच गाडीचा वेग कमी केला.

दगडाबाई शिवांजलीकडं वळली. "औषध तेच व्हतं की. मग काय झालं?"

"मोजायची रीत बदलली होती."

"सांगितलं न्हाई कुनी?"

"सांगितलं होतं. इंग्रजीत."

"आन् आमाला कुनी सांगायचं व्हतं?"

म्हाळू खाली मान घालून बसला होता. शिवांजलीनं कावेरीला घट्ट धरलं.

"मी," ती म्हणाली.

सिदूची माती झाल्यावर शिवांजली पुन्हा मोहनरावांकडं आली. सोमेश्वरनं मजकूर तयार करून पाठवला होता: 'मराठी आवृत्तीतील काही वाक्यांत सुधारणा करण्यात आली आहे. सर्वांनी नवी आवृत्ती घ्यावी.' तिनं तो पुसला आणि सगळ्या भाषांच्या लोकांना एकदम जाणाऱ्या ईमेलच्या यादीवर, मराठीतच लिहायला घेतलं.

'पूर्वी आकडा एका वेळेच्या औषधाचा होता. आता तो दिवसभराचा आहे. मराठी पडद्यावर एका वेळेचा असं लिहिलंय, ते चूक आहे. न वाचता पूर्ण म्हणून जाहीर केलेलं आहे. त्यावर विसंबून औषध दिलेलं एक लेकरू गेलं. प्रोग्रॅम आजच बंद करा. जिथं नेट नाही तिथं माणूस पाठवा. इतर भाषांनीही आपापल्या खुणा तपासाव्यात. हे इंग्रजीत मी लगेच लिहिते, पण आधी मराठीत.'

मांडीवर कावेरीचा डोळा लागला होता. शिवांजलीनं तिच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब लागली. पुन्हा धरलं. मग तिनं वाकून तिच्या इवल्याशा पायाला चिमटा काढला, चांगला करकचून.

कावेरीनं भोकाड पसरलं.

"कावून उठवलं वो ताई?" मोहनराव म्हणाले. "निजलं व्हतं की लेकरू."

शिवांजलीनं रडणारं पोर खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं पाठवायचं बटण दाबलं.