तोंडावरची चादर

तेलगावात आजवर हेलिकॉप्टर उतरलं ते पुढाऱ्याचंच. आभाळात घरघर झाली की गाव टोपी सावरत धावायचं. छबुबाईही एकदा धावली होती, ओवाळणीचं ताट घेऊन.

आता आसपासच्या गावांनी मिळून आजाऱ्यांसाठी हेलिकॉप्टर ठेवलं होतं. सरपंच आप्पांनी त्यासाठी आपलं पडीक रान दिलं आणि तिथली राखण छबुबाईकडे आली. बोलावणं गेलं की धुळीवर पाणी मारायचं, शेरडं हाकलायची, चुन्याच्या गोलात कुणाला येऊ द्यायचं नाही. बीडला जाऊन ती हे शिकून आली होती. पण पहिली वेळ आली ती तिच्याच सुनेवर.

मनिषा सकाळी घरीच बाळंत झाली. पोरगी धडधाकट, पण रक्त थांबेना. नर्सबाईने सलाईन लावलं, "रस्त्यानं पोचायची न्हाई ही," म्हणाली आणि हेलिकॉप्टर बोलावलं.

नात शेजारच्या बायडाबाईच्या ओटीत घालून, लेकाला, परमेश्वरला, बाज उचलायला सांगून छबुबाई पुढे पळाली. रानात पाहते तर जत्रा. गोलात हलगी, गुलाल, शाळेची पोरं. मधोमध फेटा बांधलेले आप्पा, हातात नारळ.

"आप्पा, हे कावून?"

"अगं, आपलं हेलिकॉप्टर पहिल्यांदा येतंय. तसंच कोरडं उतरू द्यायचं व्हय?"

"माणसं काढा आधी!"

"काढतो की. नारळ तर फुटू दे."

तेवढ्यात घरघर आली आणि गर्दी आणखीच आत रेटली. आता आप्पाही घाबरून ओरडू लागले, पण हलगीपुढे त्यांचंही कुणी ऐकेना. छबुबाईच्या कमरेच्या वॉकीटॉकीतून पायलट म्हणाला, "ताई, जागा मोकळी करा. नाहीतर मला माघारी जावं लागेल."

बाज येऊन पोचली. मनिषाचे ओठ कापसासारखे पांढरे.

"आत्या, पाणी."

छबुबाई खाली वाकली. "डोळे मिट, बाई. मी काय बी केलं तरी हलू नकू."

आणि पायाशी दुमडलेली पांढरी चादर तिने सुनेच्या तोंडावरून ओढली.

"आये! जिती हाय ती!"

"गप. उचल आन् चल."

बाज गर्दीत शिरली. आधी हलगी थांबली. मग टोप्या उतरल्या, बायांनी पदर तोंडाला लावले. माणसं मागे सरत सरत थेट बांधावर गेली. मेलेल्या बाईला हेलिकॉप्टर कशाला, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मयताला वाट द्यायची, एवढं गावाला कुणी शिकवावं लागत नव्हतं.

हेलिकॉप्टर उतरलं. वाऱ्याने उडू नये म्हणून छबुबाईने चादर दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. डॉक्टरने तिची बोटं सोडवली, चादर सारली. मनिषाचे डोळे मिटलेलेच. सांगितलं म्हणून, की... छबुबाईला विचारवेना. मग पापणी हलली.

हेलिकॉप्टर परमेश्वरलाही घेऊन उडालं, तेव्हा गावाला उमगलं.

"जित्या सुनेचं तोंड झाकलंस गं?" नातीला घेऊन आलेली बायडाबाई म्हणाली.

"झाकलं," छबुबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली. नातीलाही घेईना.

घरी मात्र कुणी गेलं नाही. उन्हात सगळे बोडक्याने उभे राहिले. आप्पांचा नारळ तसाच, फेटा काखेत.

दुपार कलली तेव्हा परमेश्वरचा फोन आला. "आये, रक्त थांबलंय. पाणी मागतीय, पर डॉक्टर देईनात."

"मागू दे, बाबा," छबुबाई म्हणाली. "मागू दे."

तिने नातीसाठी हात पुढे केले. आप्पा घसा खाकरून जवळ आले.

"छबु, आता फेटा घालू का?"